शेपटीला बाक असलेला कॉर्न स्नेक विकताना

प्रश्न असा आहे. बडोद्यात कारेलीबागेत घर, मुलगा शिकायला परदेशी निघालाय आणि त्याचा अडीच वर्षांचा कॉर्न स्नेक मागे राहतोय. नर आहे, काळा रंग नसलेला लाल-केशरी 'ॲमेल', लांबी साधारण १०५ सेंटीमीटर, वजन ३१० ग्रॅम. नीट खातो. शेपटीच्या टोकाकडे मात्र एक बाक आहे, आणला तेव्हापासूनचा. किंमत काय लावावी, बाक आधी सांगावा की कुणी विचारल्यावर, आणि असा साप विकणं कायद्यात बसतं का, एवढं विचारलंय.

बाक आधी सांगायचा, जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत. प्रामाणिकपणा झालाच, पण त्यात तुमचाही फायदा आहे. साप घेणारा माणूस पहिल्या दिवशीच त्याला दोन्ही हातांतून सरकवतो आणि ती गाठ बोटाला लागतेच. मग तिसऱ्या दिवशी साप परत येतो. आठवड्यात दोनदा घर बदललेला साप खाणं सोडतो, म्हणजे जो फक्त वाकड्या शेपटीचा होता तो आता वाकड्या शेपटीचा आणि न खाणारा झाला. त्याला मग कुणी फुकटही नेत नाही.

किंमत ठरवण्याआधी बाक नेमका कसला आहे ते बघायला हवं. पलंगावर साधी चादर पसरा, दिवसाच्या उजेडात बघा. खाल्ल्यापासून ४८ तास उलटलेले असावेत आणि डोळे दुधाळ, निळसर झालेले नसावेत. कात टाकायच्या आधी डोळे तसे होतात आणि त्या दिवसांत साप चिडका असतो. आता पोटाकडची बाजू पाहा. धडाखाली आडवी, रुंद, अखंड खवलं असतात. ती संपून जिथे लहान खवलं दोन-दोनच्या जोडीनं सुरू होतात, तिथे एक आडवी फट दिसेल. हे मलमार्गाचं तोंड. त्याच्या पुढे धड, मागे शेपूट. बाक फटीच्या पुढे आहे की मागे, यावर अर्धा सौदा ठरतो.

मागे असेल तर तिथे पोट नाही, आतडं नाही, फुफ्फुस नाही. अपवाद शेपटीच्या बुडख्याचा. नराची दोन्ही जननेंद्रियं फटीच्या लगेच मागे, शेपटीच्या आतल्या पिशव्यांत असतात, त्यामुळे शेपटीच्या पहिल्या चौथाईत बाक असेल तर तो निव्वळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. तुमच्या सापाची शेपूट पंधरा-सोळा सेंटीमीटरच्या आसपास भरेल. स्टीलची पट्टी धरून टोकापासून बाकापर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. टोकापासून तीन-चार सेंटीमीटरवर असेल तर व्यंग खरोखर किरकोळ आहे.

पुढे असेल, म्हणजे धडाच्या कण्यात, तर गोष्ट वेगळी. गिळलेला उंदीर आणि विष्ठा दोन्ही तिथूनच जातात, मादीत अंडीही. कित्येक साप असा बाक घेऊन आयुष्य काढतात, पण वरून आणि कुशीवरून असे दोन एक्स-रे काढल्याशिवाय तो साप कुणाला विकू नये. बडोद्यात साप हाताळणारा डॉक्टर मिळाला नाही तर तासाभराच्या अंतरावर आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाण्यापूर्वी फोन करून साप तपासतात का ते विचारा. उन्हात हेलपाटा नको.

आता बोट. अंगठा आणि तर्जनीत शेपूट हलकेच धरून फटीपासून टोकाकडे सरकत जा. जन्मजात बाक हाडाच्या पायरीसारखा लागतो. कडा ठाम, वरची कातडी सैल, खवलं सरळ रांगेत, साप हिसका देत नाही. मग शेपटीखाली बोट द्या आणि थांबा. कॉर्न स्नेक चढणारा साप आहे, त्याची शेपूट आपोआप बोटाला विळखा घालते. बाकाच्या पलीकडचा तुकडाही त्या विळख्यात भाग घेतो का, ते बघायचं. घेत असेल तर टोकापर्यंत रक्त आणि मज्जातंतू दोन्ही पोचतायत. तुकडा काडीसारखा ताठ, काळपट आणि कोरडा असेल तर तो बाक नव्हे, मरत चाललेलं टोक आहे.

टोक मरण्याचं नेहमीचं कारण अडकलेली कात. साप कात मोज्यासारखी उलटी सोलत काढतो आणि शेवटचा ओढा शेपटीच्या टोकाला असतो. टोक वाकडं असलं की ती बाकाशी अडकते. एका खेपेचं कडं फारसं दिसतही नाही. दोन-तीन खेपांची कडी एकावर एक बसली की दोरा गुंडाळल्यासारखी आवळतात, रक्त तुटतं आणि टोक गळून पडतं. बाकदार शेपटीच्या सापाची म्हणून जी वेगळी देखभाल आहे ती एवढीच, आणि ती घेणाऱ्याला दाखवून द्यायची. कात पडल्या दिवशी ती काळ्या कापडावर पसरा. दोन्ही डोळ्यांच्या गोल पारदर्शक चकत्या आणि शेपटीचं अणकुचीदार बंद टोक दिसलं पाहिजे. टोकाकडे भोक दिसलं तर उरलेली कात सापावर आहे. मग झाकणाला भोकं असलेल्या डब्यात २८ ते ३० अंशांचं पाणी, सापाच्या निम्म्या जाडीइतकंच खोल, वीस-तीस मिनिटं. नंतर ओल्या पंच्याच्या घडीतून शेपूट त्याला स्वतःच ओढून घेऊ द्यायची. चिमटा लावायचा नाही, नखानं खरवडायचं नाही. मागच्या दोन-तीन काती जपून ठेवल्या असतील तर उत्तम. गिऱ्हाईकापुढे त्यांचं टोक दाखवणं तुमच्या शंभर शब्दांपेक्षा जास्त काम करतं.

बाक आला कुठून, हे प्रत्येक जण विचारणार. अंडी उबवताना तापमान चढलं की कणा नीट घडत नाही. कॉर्न स्नेकची अंडी २६ ते २८ अंशांत साधारण दोन महिने उबवतात, त्यात मध्येच ३२ च्या पुढे उसळी आली की वाकडी पिल्लं निघतात. रंगासाठी भाऊ-बहीण जोडत गेल्यामुळेही निघतात. या एका सापाकडे बघून दोहोंपैकी कोणतं कारण ते सांगता येत नाही. म्हणून हा प्रजननासाठी नाही, असं स्पष्ट म्हणायचं. 'कॅल्शियम कमी पडलं असेल' असं कुणी ना कुणी म्हणेलच. अख्खा उंदीर हाडांसकट गिळणाऱ्या सापात ते क्वचित होतं, तो सरड्या-कासवांचा आजार.

बाक जुना असल्याचा पुरावा म्हणजे पिल्लूपणीचे फोटो, मुलाच्या मोबाईलमध्ये असतीलच. ते महत्त्वाचे, कारण मोठ्या वयात नव्यानं येणारी गाठ वेगळी असते. कण्यात जिवाणूंचा संसर्ग होऊन, बऱ्याचदा साल्मोनेलाचा, मणके फुगतात आणि एकमेकांना जुळतात. साप तेवढ्या भागात काठीसारखा ताठ होतो आणि ताठरपणा महिन्यागणिक पसरतो. गाठ गेल्या सहा महिन्यांतली असेल तर विक्री बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

किरकोळ व्यंगांत आणखी काय धरतात? एक डोळा नसणं, भरून आलेला जुना चावा किंवा हीट मॅटच्या, म्हणजे टबाखालच्या विजेच्या गरम चटईच्या, चटक्याचा डाग, पोटावरची दुभंगलेली खवलं, घासून बोथट झालेलं नाकाचं टोक. यातलं काहीही खाण्या-चालण्याच्या आड येत नाही. पण खाल्लेलं दोन-तीन दिवसांत बाहेर टाकणं, विशेषतः मधल्या अंगाला सूज असताना, हे किरकोळ नव्हे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीची शंका येते आणि तो साप कुठल्याच घरात पाठवू नये. मान मागे उलटून आकाशाकडे बघत डोलणं हेही नव्हे. त्याला स्टारगेझर म्हणतात, 'सनकिस्ड' रंगाच्या वाणातून पसरलेला आनुवंशिक दोष आहे. बारीक काळे माइट्स, म्हणजे रक्त पिणारे किडे, दिसले तर आधी उपचार, मग जाहिरात.

किंमत. तुमच्या भागात त्याच वयाचा, त्याच रंगाचा, बिनव्यंगाचा साप सध्या ज्या भावाला खरोखर जातोय तो पाया धरा. जाहिरातीत मागतात तो आकडा नव्हे. घरी पाळणाऱ्यासाठी शेपटीच्या टोकाचा बाक म्हणजे १० ते २० टक्के कमी, यापेक्षा जास्त सोडायचं कारण नाही. एक डोळा नसेल तर २० ते ३०. समजा पाया २०,००० असेल तर तुम्ही १७,००० मागा आणि १६,००० ला द्या. पिल्लं काढणारा ग्राहक याच सापाला निम्मेही देणार नाही, आणि त्याच्या बाजूनं त्याचं बरोबर आहे. त्याच्याशी हुज्जत घालत बसू नका, तो तुमचा ग्राहकच नाही. अडीच वर्षांत उंदरांवर झालेला खर्च किमतीत मिळवायची चूक मात्र पहिल्यांदा विकणारे सगळे करतात. तो पैसा सापानं खाल्ला, संपला.

साप ठेवायचा टब, तापमान आवरणारा थर्मोस्टॅट, हीट मॅट, लपायची खोपटी यांचा हिशेब वेगळा सांगा आणि स्वस्तात द्या. ओळखीच्या वासाच्या खोपटीत साप लवकर खायला लागतो. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट देऊ नका. नवखा माणूस ती सरळ बोर्डाला लावतो आणि पोट भाजतं.

साप विकतो तो त्याच्या वहीमुळे. कधी काय खाल्लं, किती ग्रॅमचं, कधी शी केली, कात कधी पडली, महिन्याचं वजन. वही नसेल तर आजपासून सुरू करा आणि सहा आठवडे थांबा. ३१० ग्रॅमच्या सापाला २५ ते ३० ग्रॅमचा एक उंदीर दर दहा दिवसांनी, म्हणजे चार जेवणं, तीन वेळची शी आणि बहुधा एक कात हाताशी येईल. वजन स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर, डब्याचं वजा करून. उंदीर गोठवलेला, पूर्ण वितळवून कोमट केलेला. जिवंत सोडलेला उंदीर सापाला चावतो आणि आणखी एक व्यंग तयार होतं. फोटो सहा: पूर्ण साप, डोकं दोन्ही बाजूंनी, पोटाकडून फट, बाक वरून आणि कुशीवरून पट्टी शेजारी ठेवून. शिवाय खातानाचा एक व्हिडिओ, न कापलेला. फिल्टर नको, लाल-केशरी साप तसाही फोटोत भडक येतो.

मजकूर एवढा पुरे: 'कॉर्न स्नेक, ॲमेल, नर, अडीच वर्षं. शेपटीच्या टोकापासून साडेतीन सेंटीमीटरवर जन्मजात बाक, पिल्लूपणीचा फोटो सोबत. ३१० ग्रॅम, दर दहा दिवसांनी गोठवलेला उंदीर खातो, नोंदी आहेत. प्रजननासाठी नाही. घरी येऊन हाताळून मगच ठरवा. बडोद्यातच, हातोहात.' अंतर अर्थात तुमच्या पट्टीवरचं घाला. 'थोडंसं क्यूट व्यंग' वगैरे लिहू नका. फेसबुक मार्केटप्लेसवर प्राण्यांच्या विक्रीला मनाई आहे, तिथली जाहिरात उडते. साप पाळणाऱ्यांच्या ओळखीतून आणि तुमच्या डॉक्टरांमार्फत विचारा.

कायद्याचं मोजकं. भारतातला कुठलाही रानटी साप, धामण असो, अजगर असो की गवत्या, पकडून पाळता किंवा विकता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. या कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइटीस या, धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या. त्या पाळणाऱ्यांना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, त्याचे नियम २०२४ चे. बॉल पायथन आणि बोआ त्यात येतात. कॉर्न स्नेक, शास्त्रीय नाव पँथेरोफिस गटेटस, अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तो साइटीसच्या यादीत नाही. म्हणून ती नोंदणी त्याला नाही, पण परदेशी जिवंत प्राण्याच्या आयातीला परवाना लागतो, त्यामुळे तुम्ही साप जिथून घेतलात तिथलं बिल हाच तुमचा आधार. बिल हरवलं असेल तर बनावट करू नका. विकणाऱ्याकडून आजच्या तारखेनं, कधी विकला याचा खरा लेखी खुलासा मागा. एक साप देऊन थांबणं आणि नेहमी विकत राहणं यात फरक आहे. दुसरं करायचं तर २०१८ चे पेट शॉप नियम आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी बघावी लागेल.

ओळखीबद्दलही एक गोष्ट. सापाच्या पाठीवरचे गोलसर डाग बघून शेजारी घोणस म्हणून ओरडतात, आणि आपला तस्कर हा रानटी साप कुणी कॉर्न म्हणून खपवतो. नेहमीच्या रंगाच्या कॉर्नचं पोट बुद्धिबळाच्या पटासारखं काळं-पांढरं असतं, डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते. तुमच्या ॲमेलमध्ये काळं नसल्यानं पोट पांढरं-केशरी दिसेल. तस्कराच्या मागच्या अंगावर दोन गडद उभ्या रेघा धावतात.

साप कुणाला द्यायचा नाही, हे बडोद्यात जास्त बघावं लागतं. श्रावणात जाहिरात काढू नका. आपली नागपंचमी शुद्ध पंचमीला, गुजराती शेजाऱ्यांची वद्य पंचमीला, म्हणजे पंधरवडाभर कुणी ना कुणी दर्शनाला, दूध पाजायला साप मागत येणार. साप दूध पीत नाही. पाण्यावाचून ठेवलेल्या सापाच्या तोंडात ते गेलं तर त्रासच होतो. दुसरा माणूस व्यंगासाठीच जास्त पैसे देतो. मांडूळाच्या पायी जे वेड चालतं त्याच जातीचं हे, वाकडी शेपूट म्हणजे 'लक्षणी'. अशा माणसाला दुप्पट भावातही नाही म्हणा.

चांगल्या ग्राहकाला तीन गोष्टी विचारा. उंदीर कुठे ठेवणार? शाकाहारी घर, एकच फ्रीज, भाजीशेजारी उंदरांची पिशवी आणि आईला अजून सांगितलेलं नाही, असं असेल तर साप महिन्याभरात परत येतो. वेगळा छोटा फ्रीजर किंवा दर खेपेला एकच गोठवलेला उंदीर आणायची सोय, यातलं काहीतरी हवं. घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का? साप धडधाकट असला तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, हात धुण्याची शिस्त लागते. आणि मे महिन्यात साप ठेवायच्या खोलीत पारा किती चढतो? सापाला गरम कोपऱ्यात २९ ते ३१ आणि थंड कोपऱ्यात २२ ते २५ अंश लागतात. पुस्तकं गरम कसं करायचं ते शिकवतात, बडोद्यात अडचण उलटी आहे. बाहेर ४२ असताना गच्चीखालची खोली ३८ ला जाते आणि ३५ च्या पुढे साप धोक्यात येतो. तळमजल्याची खोली किंवा दुपारचा एसी, नाहीतर दिवाळीनंतर या म्हणावं.

देताना शेवटचं जेवण पाच-सहा दिवस आधी. पोट भरलेला साप गाडीत उलटी करतो. उशीच्या सुती अभ्र्यात घालून अभ्र्यालाच गाठ, मग भोकं पाडलेल्या टणक डब्यात. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, ती भट्टी असते. पोस्ट-कुरिअर-बस काही नको.

दोन प्रतींचा साधा कागद करा. त्यात तारीख, प्रजाती, लिंग, वजन, बाक टोकापासून किती सेंटीमीटरवर, शेवटची तीन जेवणं, शेवटची कात, ठरलेली रक्कम, 'बाक पाहून, हाताळून घेतला', 'प्रजननासाठी नाही', आणि पंधरा दिवसांत काही कारणानं नको झाला तर तुम्हीच परत घेणार, हेही. कोर्टात जायला हा कागद नाही. लिहिताना समोरच्याचं लक्ष बाकाकडे जातं, एवढ्यासाठी. परत घेण्याच्या ओळीला घाबरू नका, त्या ओळीमुळेच तो साप कमाटीबागेच्या कुंपणाशी किंवा विश्वामित्रीच्या काठी सोडून दिला जात नाही. परदेशी साप मोकळा सोडणं त्याच्याही जिवावर आणि इथल्या प्राण्यांच्याही.

नव्या घरी सात दिवस हात लावायचा नाही, पाणी तेवढं बदलायचं. मग पहिलं जेवण नेहमीपेक्षा लहान, पंधरा-वीस ग्रॅमचं. नाकारलं तर पुन्हा सात दिवसांनी. घरात आधीचे साप असतील तर हा तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्यानं. पहिली कात पडली की ती फेकायच्या आधी शेपटीच्या टोकाचा फोटो पाठवायला सांगा. टोक बंद आहे की भोक, ते तुम्हाला घरबसल्या कळेल, आणि भोक असलं तर कोमट पाण्याचा डबा त्याच संध्याकाळी.